उतरणारी रेषा, वाढणारी संख्या

स्पर्धा परीक्षेची वेळ संपली की केंद्राच्या फाटकापाशी एक तक्रार हमखास कानी येते : आलेखावरचा प्रश्न फसवा होता. ही तक्रार सर्वस्वी खोटी नसते. परंतु फसवणूक प्रश्नात होती की वाचणाऱ्याच्या घाईत, हे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

जनगणनेचेच उदाहरण घ्यावे. भारताच्या लोकसंख्यावाढीचा दशवार्षिक दर १९७१-८१ मध्ये २४.७ टक्के होता. पुढील तीन दशकांत तो अनुक्रमे २३.९, २१.५ आणि १७.७ टक्क्यांवर आला. या चार बिंदूंना जोडणारी रेषा अर्थातच उतरती. तिच्याखाली प्रश्न येतो, 'यावरून कोणता निष्कर्ष निघतो?' आणि पहिलाच पर्याय असतो, 'लोकसंख्या घटत गेली.' घाईतला उमेदवार तेथेच खूण करून मोकळा होतो.

वस्तुतः उभ्या अक्षावर माणसे नाहीत, वाढीचा वेग आहे. १९८१ साली ६८.३ कोटी असलेली लोकसंख्या १९९१ साली ८४.६, २००१ साली १०२.९ आणि २०११ साली १२१.१ कोटी झाली. इतकेच नव्हे, तर दर २३.९ वरून २१.५ टक्क्यांवर उतरला, तेव्हा दशकात पडणारी भर १६.३ कोटींवरून १८.२ कोटींवर गेली. टक्के ज्या राशीवर मोजायचे, ती राशीच फुगली होती. मुद्दल मोठे झाले की व्याजाचा दर थोडा उतरूनही व्याजाची रक्कम वाढू शकते, हे पतपेढीत ठेव असलेल्या कारकुनाला कोणी शिकवावे लागत नाही. तोच कारकून खात्यांतर्गत परीक्षेला बसला की मात्र ते विसरतो!

दुसरी खोच अक्षाच्या पायथ्याशी असते. हेच चार दर स्तंभांनी दाखवून उभा अक्ष शून्याऐवजी १६ पासून सुरू केला, तर अखेरचा स्तंभ पहिल्याच्या जेमतेम पंचमांश भरतो. शून्यापासून काढला तर घट चौथाईहून थोडी अधिक, एवढीच दिसते.

अशा प्रश्नांना सरसकट फसवे म्हणणे योग्य नव्हे. ते नेमके तेच तपासतात, जे पुढे कचेरीत टिपणी लिहिताना लागते. अक्षावर एकक छापलेले नसेल, तेथे मात्र दोष प्राश्निकाचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरापायी त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा होतात. तेथे असा दोष क्षुल्लक मानता येणार नाही.

महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. मागणीचा वक्र वर्षानुवर्षे फळ्यावरून वहीत उतरतो, 'अक्षांना नावे द्या' एवढा दम भरला जातो आणि प्रकरण संपते. एखाद्या आलेखावरून काय सिद्ध होत नाही, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

तो विचारायचा झाल्यास १९०१ पासूनच्या वृद्धिदराचा संपूर्ण आलेख मुलांपुढे ठेवावा आणि प्रत्यक्ष लोकसंख्या कोणत्या दशकात घटली, ते शोधावयास सांगावे. पुष्कळांची नजर उजवीकडच्या लांब उताराकडे जाईल. उत्तर डावीकडे आहे, १९११-२१ च्या बिंदूपाशी. तेवढा एकच बिंदू शून्याच्या खाली, उणे ०.३ टक्क्यांवर आहे. त्या दशकात, १९१८ साली, इन्फ्लुएन्झाची साथ देशभर फिरली होती.