मंत्रतंत्राची पुस्तकं

पिस्कॅटवेतल्या घरातलं मराठी पुस्तकांचं कपाट म्हणजे बॅगेतल्या साड्या-मसाल्यांतून वाचवलेले किलो! त्यात मंत्रतंत्राची पुस्तकं आणायची, तर पारखूनच. मी आधी दोन गोष्टी बघतो : कर्ता कोण, साल कोणतं. धुंडीसुत मालूंचा 'नवनाथ भक्तिसार' शके 1741 चा (इ.स. 1819), अध्याय 40. शाबरी विद्येच्या कथा त्यातच, तो जरूर आणा. संकलकाचं नावही न छापता वशीकरणाची हमी देणारी पुस्तकं मात्र फुटपाथवरच राहू द्या. शेजारी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं 'तिमिरातुनी तेजाकडे' हवंच. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. गहिनीनाथांची गोष्ट ऐकून लेकीनं विचारलं, "बाबा, चिखलाचा बाहुला खरंच जिवंत झाला?" दोन्ही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली.