आशा आणि पुरावा

वजन घटविणारे सेमाग्लुटाइड मूत्रपिंडाचेही रक्षण करते, हे ‘फ्लो’ चाचणीने २०२४ मध्ये दाखविले. मूत्रपिंड निकामी होणे, त्याची कार्यक्षमता निम्म्याने घटणे, अथवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने मृत्यू ओढवणे, यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी उतरला. मात्र ते सारे रुग्ण मधुमेही होते. आनुवंशिक मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना चाचणीतून वगळलेच होते.

यांपैकी पॉलिसिस्टिक विकारात मूत्रपिंड द्रवाने भरलेल्या गाठींनी व्यापत जाते. तो बहुधा आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता ५० टक्के असते. त्याची गती मंदावणारे टोल्वाप्टान वारंवार लघवीस लावते, यकृतालाही अपाय करू शकते. तेव्हा रुग्णांची अधीरता समजण्याजोगी आहे. स्थूल रुग्णांत हा विकार अधिक वेगाने बळावतो, असेही आढळले आहे. म्हणून नव्या औषधावरील आशा निराधार नव्हे. परंतु मधुमेह्यांचा पुरावा या रुग्णांना उसना देता येत नाही, सडपातळ रुग्णांना तर नाहीच.

औषध कंपन्यांची दृष्टी मोठ्या बाजारपेठेवर असणार. म्हणूनच या रुग्णांसाठी स्वतंत्र, पुरेशा मोठ्या चाचण्यांचा भार सार्वजनिक निधीने उचलला पाहिजे. ज्यांना चाचणीतून वगळले, त्यांना उपचारांतूनही वगळणे न्याय्य नव्हे. आणि पुराव्यावाचून औषध देणे हाही न्याय नव्हे.