कागद आधी, टेम्पो नंतर

मे महिना लागला की आमच्या शाळेच्या कार्यालयात दाखल्यासाठी पालकांची ये-जा सुरू होते. कोणाची बदली, कोणाच्या मालकाने घर विकायला काढलेले, कोणाचे अकरा महिने संपलेले. बहुतेक पालक सांगतात, "सर, सामान परवा हलवायचंय, दाखला उद्याच द्या." टेम्पो ठरलेला असतो, पण नव्या घराचा करार झालेला नसतो. भाड्याचे घर बदलण्याचा काळ कुटुंबाला दमवतो, हे खरे. तरी क्रम नीट लावला तर निम्मा त्रास टळतो.

पहिली गोष्ट पैशाची. नव्या घराचे डिपॉझिट चावी मिळण्याआधी द्यावे लागते आणि जुने डिपॉझिट चावी परत केल्यावर मिळते. खरी ओढाताण या मधल्या दिवसांत होते. समजा नवे भाडे ८,००० आहे. डिपॉझिट ३०,०००, एजंटचे एक महिन्याचे भाडे ८,०००, पहिल्या महिन्याचे भाडे ८,०००, करारनाम्याचा खर्च २,५०० आणि टेम्पो-हमालीचे ५,००० धरले, तर ५३,५०० रुपये हातात हवेत. ही बेरीज घर पाहायला निघण्यापूर्वी वहीत मांडा. रक्कम कमी पडत असेल तर भावाकडून किंवा मामूंकडून कर्ज-ए-हसना घ्या, पण तारीख आणि रक्कम लिहून द्या. घरातल्या माणसांत कसली लिखापढी, असे आपण म्हणतो. मात्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे.

मुंबई आणि मुंब्रा भागात 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. मालकाला एकरकमी चार-पाच लाख द्यायचे आणि भाडे न देता राहायचे. वरवर सोयीची वाटणारी ही पद्धत दोन कारणांनी जपून तपासावी. एक म्हणजे मालक ती रक्कम वापरून टाकतो आणि पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत तुमचे पैसे अडकतात. घरावर बँकेचे कर्ज थकलेले असेल तर जोखीम आणखी वाढते. दुसरे म्हणजे, कर्जाच्या बदल्यात घराचा फायदा घेणे व्याजात मोडते, असे अनेक उलेमांचे मत आहे. शेजारी करतात म्हणून आपणही करावे, असे नको. आपल्या भरवशाच्या आलिमांना व्यवहाराचा पूर्ण तपशील सांगून विचारा.

दुसरी गोष्ट करारनाम्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. फक्त स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, हा गैरसमज आहे. आता नोंदणी ऑनलाइन होते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घेऊन एजंट घरीच काम करून देतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे लागते. डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात येऊ द्या. थोडे रोख, थोडे चेकने, अशी विभागणी नको. घर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, रंगाचा खर्च कोणाचा आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हेही लिहून घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली गेली का, ते मालकाला विचारा आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवा.

आता एक कडू गोष्ट. आपल्यापैकी अनेकांना फोनवर "घर रिकामे आहे" असे उत्तर मिळते आणि नाव सांगितल्यावर ते लगेच "दिले गेले" होते. याचे दुःख मोठे आहे आणि ते मुलांना लवकर कळते. म्हणून पहिल्याच फोनवर नाव, घरात माणसे किती आणि काम काय करता, हे सांगून टाका. सोसायटीची परवानगी लागते का, घरात मांसाहार चालतो का, हेही तेव्हाच विचारा. मुलांना प्रत्येक ठिकाणी बरोबर नेऊ नका. दोन-तीन घरे पक्की झाल्यावर न्या. नकाराला कंटाळून दुसऱ्याच्या नावावर करार करण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. उद्या डिपॉझिट मागताना आणि मुलांच्या कामांसाठी पत्ता दाखवताना तो कागद तुमचा नसेल. आणि असेही मालक आहेत, जे नाव न पाहता माणूस पाहतात. त्यांच्या घराची आपण ठेवलेली निगा पुढच्या कुटुंबासाठी दार उघडते.

घर पाहताना एकदा सकाळी जा. पाणी किती वाजता येते, वरच्या मजल्यावर दाब पुरतो का, हे तेव्हाच कळते. छताच्या कोपऱ्यात ओलीचे डाग दिसले तर पावसाळ्यात तिथे काय होईल, ते ओळखा. घरात वयस्कर अम्मी-अब्बा असतील तर जिने मोजा. वीजबिलाची थकबाकी नाही ना, ते विचारा.

मुलांच्या शाळेबद्दल थोडे सविस्तर. आठवीपर्यंतच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क शिक्षण हक्क कायदा, २००९ ने दिला आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तरी पालकांनी दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरचे नाव अक्षर न अक्षर ताडून पाहावे. 'शेख' एकीकडे आधी आणि दुसरीकडे शेवटी असेल, तर दुरुस्तीसाठी नव्या गावातून हेलपाटे घालावे लागतात. उर्दू माध्यमाची मुले असतील तर नव्या भागात पुढचे वर्ग कुठपर्यंत आहेत, ते घर पक्के करण्यापूर्वी पाहा. चौथीनंतर मुलीची शाळा लांब पडली, की तिचे शिक्षण थांबण्याची भीती असते. भाडे पाचशे रुपयांनी कमी म्हणून ही किंमत देऊ नये.

गॅसचे काम आठवडाभर आधी करा. त्याच शहरात एजन्सी बदलत असेल तर ऑनलाइन हस्तांतर होते, सिलिंडर परत द्यावा लागत नाही. दुसऱ्या गावी जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून कागद घ्या आणि तो नव्या एजन्सीला द्या. मतदार यादीतील पत्त्यासाठी फॉर्म ८ भरा. रेशनकार्ड, बँक आणि आधारचा पत्ताही बदलून घ्या. जुने करारनामे आणि वीजबिले मात्र रद्दीत देऊ नका. पुढे डोमिसाइल दाखल्यासाठी राज्यातील १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, तेव्हा हेच कागद उपयोगी पडतात. एका फाइलमध्ये वर्षानुसार लावा आणि ती फाइल टेम्पोत न टाकता स्वतःजवळ ठेवा. कुरआन शरीफ, दागिने आणि औषधेही हातातच असू द्या.

पहिल्या रात्रीची एक पिशवी वेगळी भरा: तवा, पातेले, डाळ-तांदूळ, चहा-साखर, दोन बल्ब, चार्जर, जानमाज, मुलांचे कपडे. बाकीच्या खोक्यांवर 'स्वयंपाकघर', 'पुस्तके' असे मोठ्या अक्षरांत लिहा. हे काम मुलांना द्या, त्यांना आवडते.

जुने घर झाडून-पुसून द्या. मीटरच्या आकड्याचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढा, चावी दिल्याची पोच घ्या. शेजाऱ्यांचे काही देणे-घेणे, उसना घेतलेला डबासुद्धा, परत करून निघा. नव्या ठिकाणी पहिल्या जुम्याची वाट न पाहता आजूबाजूच्या दोन-चार घरांत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, जाऊन ओळख करून द्या. शोरब्यात थोडे पाणी वाढवून शेजाऱ्याचा विचार करावा, ही शिकवण आपल्याकडे आहेच. शाकाहारी शेजाऱ्याकडे मात्र शिरखुर्मा किंवा फळे पाठवा.

अल्लाह नव्या घरात जाणाऱ्या सर्वांना सुकून आणि बरकत देवो. आमीन.