फुली वगळून बन नको

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी गुड फ्रायडेला एक छोटासा प्रसंग घडला. घरी भाजलेले क्रुसाचे गोड बन मी नेहमीप्रमाणे शेजारच्या चार घरांत नेऊन दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बन हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि मनापासून म्हणाले, "काका, वास फर्स्टक्लास आहे. पण पुढच्या वेळी वरची ती फुली तेवढी नका काढू. उगाच कुणाला बोलायला जागा नको."

माणूस वाईट नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर गाडीची किल्ली घेऊन सगळ्यांत आधी खाली उतरतात ते हेच. त्यांना बन नको होता असेही नाही. त्यांच्या मुलाने तो तिथेच दारात अर्धा संपवला. त्यांना फक्त फुली नको होती. मी "बघू" म्हणालो. बँकेत हयात काढलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द पक्का बसलेला असतो. त्यात होकार नसतो, नकार नसतो आणि जबाबदारी तर मुळीच नसते. जिना उतरताना मात्र माझी मलाच लाज वाटली.

आज ईस्टर. परवा शुक्रवारी पुन्हा बन केले आणि वर फुली काढली. ती का काढली हे जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो आहे.

या बनशी माझी गाठ पडली ती १९९१ साली. त्या वर्षी गुड फ्रायडे २९ मार्चला आला होता आणि ईस्टर ३१ मार्चला. बँकवाल्यांना याहून जास्त काही सांगावे लागणार नाही. बँकांचे वर्ष डिसेंबरऐवजी मार्चअखेर संपू लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. मी पुण्याच्या कॅम्पातल्या एका शाखेत अधिकारी होतो. जगाला सुट्टी आणि आम्ही शटर अर्धे ओढून लेजरची पाने उलटत बसलेलो. बचत खात्यांची बेरीज जमेना. दुपारी शिपाई येऊन म्हणाला, "साहेब, टीचर आल्यात."

टीचर म्हणजे आमच्या जुन्या खातेदार, शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती बाई. सगळी शाखा त्यांना टीचरच म्हणे. अर्ध्या शटरखालून त्या वाकून आत आल्या. हातात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. "सुट्टी गेली ना तुमची? आधी खा, मग हिशेब," असे वर्गात सांगावे तशा म्हणाल्या. डब्यात दोन डझन बन होते. वरून तकतकीत, आत मनुका, आणि प्रत्येकावर पांढरी फुली. बेरजेतला फरक रात्री साडेदहाला सापडला. त्याचे श्रेय बनला देता येणार नाही. पण त्या दिवशी आम्ही अकरा माणसे एकमेकांवर खेकसलो नाही, हे मला आठवते.

एकट्या राहणाऱ्या बाईने दोन डझन बन का करावेत, हा प्रश्न मला पुढच्या वर्षी पडला. १९९२ च्या ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळी मी आणि पत्नी त्यांच्याकडे बन शिकायला गेलो. घरात एक गोल अ‍ॅल्युमिनियमची विजेची भट्टी होती, झाकणाला काच असलेली. एका वेळी सहा बन मावत. टीचरची तिन्ही मुले ऑस्ट्रेलियात पर्थला स्थायिक झालेली. घर भरलेले असताना दोन डझन लागत, तेच माप चालू राहिले होते. "कमी करायला हात होत नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि पीठ मळू लागल्या.

पूर्व लंडनमध्ये 'द विडोज सन' नावाचा एक गुत्ता आहे. त्याची कथा मी पुढे वाचली. त्या जागी म्हणे एका विधवेचे घर होते. तिचा एकुलता मुलगा खलाशी. ईस्टरला परत येतो, माझ्यासाठी एक बन ठेव, असे सांगून गेला तो आलाच नाही. ती दर गुड फ्रायडेला एक बन करून छताला टांगत राहिली. पुढे तिथे गुत्ता झाला, आणि दरवर्षी एका खलाशाच्या हातून नवा बन टांगण्याची चाल पडली. कथेतले खरे किती, रचलेले किती, कोण जाणे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ती खोटी वाटत नाही. मला ती वाचताना टीचरची गोल भट्टी दिसली.

मूळ बन इंग्लंडचा. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी, की गुड फ्रायडेला भाजलेल्या बनला बुरशी येत नाही. तो वर्षभर जपून ठेवीत, आजारपणात किसून पाण्यातून देत. मसाला का, याचे धार्मिक उत्तर बायबलमध्ये शोधतात: येशूचा देह पुरताना निकदेमाने गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण आणले, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि बनमधला मसाला त्याची आठवण. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जुन्या कॅथलिक चालीरीतींकडे राजवट संशयाने पाहत असे. १५९२ साली लंडनच्या बाजार-अधिकाऱ्याने फर्मान काढले, की मसाल्याचा पाव आणि बन विकायचे ते केवळ अंत्यविधीसाठी, ईस्टरआधीच्या शुक्रवारी आणि नाताळात. एरवी विकताना सापडला तर माल जप्त करून गरिबांना वाटायचा. दुकानावर फर्मान चालते. घरच्या चुलीवर कोण पहारा ठेवणार? लोक घरी बन भाजत राहिले. १७३३ सालच्या एका इंग्रजी पंचांगात तर गुड फ्रायडेच्या गरमागरम क्रुसाच्या बनचा उल्लेख आहे. तेव्हा या बनकडे साशंकपणे पाहणारे आमचे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पहिले नाहीत.

आणि त्या बनमध्ये घालतात काय? दालचिनी सिलोनची, जायफळ बांदा बेटांवरचे, लवंग मोलुक्काची. ज्या जिनसांसाठी पोर्तुगीज, डच आणि इंग्रज समुद्र ओलांडून इकडे आले, त्याच जिनसा पिठात मळून इंग्रजांनी बन केला आणि तो छावणीच्या गावांत, मुंबईच्या वांद्र्यात, पुण्याच्या कॅम्पात आपल्याबरोबर आणला. आपल्या शेजारचा माल हजारो कोसांची फेरी मारून आपल्याच दारात आला आहे.

आपण मराठी माणसांनी पावाच्या बाबतीत जरा आठवण ठेवायला हवी. 'पाव' हा शब्दच पोर्तुगिजांचा. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती म्हणजे निव्वळ थट्टा आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेला गाव बाटला, या गोष्टी वसईत आणि गोव्यात अजून सांगतात. पाव खाणे म्हणजे धर्म बुडणे, असे मानणारी घरे माझ्या आजीच्या पिढीत होती. आज त्याच घरांतली नातवंडे वडापाव आणि मिसळपाव यांना महाराष्ट्राची ओळख म्हणून मिरवतात. धर्म जागच्या जागी आहे. बुडाली ती भीती.

यावर कुणी म्हणेल, पाव आपला झाला तो त्यावर कसली खूण नव्हती म्हणूनच. बनवरचीही काढून टाका, तोही आपला होईल. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण मला तो पटत नाही. पाव रोजचे अन्न आहे. त्याला दिवस नाही, वार नाही. हा बन जन्मलाच एका दिवसासाठी. फुली काढून टाकली की उरतो मनुका घातलेला मसाल्याचा बन. तो कुठल्याही बेकरीत मिळतो, त्यासाठी मी सकाळ कशाला घालवू? शिवाय चीज घेऊन त्या चीजेमागचा माणूस दाराबाहेर ठेवायचा, हा व्यवहार मला बरोबर वाटत नाही. ईदचा शीरखुर्मा हवा पण ईद नको, नाताळचा केक हवा पण नाताळ नको. आपल्या मोदकाचे कुणी असे केले, "मोदक उत्तम, गणपती तेवढा वगळा" असे म्हटले, तर आपल्याला कसे वाटेल?

नुसती फुली ठेवून भागते असेही नाही. ब्रिटनमध्ये आता नाताळची सजावट उतरते न उतरते तोच मोठ्या दुकानांत हे बन मांडले जातात. चॉकलेटचे, चीजचे, मिरचीचेसुद्धा. फुली प्रत्येकावर असते, दिवस मात्र हरवलेला असतो. म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा: फुली हवी आणि दिवसही हवा. दोन्ही राखायचे तर बन घरी करणे हाच सोपा मार्ग आहे.

तो करणे फार कठीण नाही. बारा बनसाठी अर्धा किलो मैदा, पाऊण वाटी दळलेली साखर, चमचाभर मीठ, सात ग्रॅम सुके यीस्ट, पन्नास ग्रॅम लोणी, एक अंडे आणि पाव लिटरला जरा कमी कोमट दूध. मसाला दोन चमचे: दालचिनी, जायफळ, थोडी लवंग. दालचिनी यीस्टचा जोर कमी करते, म्हणून चव आवडते तरी हात आवरावा. पीठ दहा मिनिटे मळावे. आधी हाताला चिकटते, मग सोडू लागते. दीडशे ग्रॅम मनुका आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा शेवटी घालावा. पीठ झाकून ठेवावे. इंग्रजी पुस्तके ते फुगायला दीड तास सांगतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये पाऊण तासात ते दुप्पट होते. गोळे करून पुन्हा अर्धा तास ठेवावे. मैदा आणि पाणी घट्टसर कालवून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरावे, कोपरा कापून फुली काढावी. दोनशे अंशांवर अठरा-वीस मिनिटे. बाहेर काढल्याबरोबर साखरेचा पाक ब्रशने लावावा. यात अवघड म्हणाल तर एकच गोष्ट, थांबणे. आयुष्यभर लोकांना मुदत ठेवीचे महत्त्व सांगितले, पण ती मोडू नये हे मला या पिठाने शिकवले.

माझ्या एका ख्रिस्ती मित्राची तक्रार वेगळी आहे आणि ती मला जास्त टोचते. तो म्हणतो, "उत्तम शुक्रवार हा आमचा दुःखाचा दिवस. चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळल्यानंतर तो बन जसा लागतो तसा तुला कधी लागणार नाही. तू खातोस तो नुसता गोड बन." त्याचे म्हणणे खरे आहे. मी उपवास केलेला नाही, माझी श्रद्धा ती नाही, आणि तशी बतावणीही मी करत नाही. दुसऱ्याच्या सणात पाहुण्याने जेवढे जावे तेवढेच मी जातो. त्या दिवशी बनची पार्टी करत नाही. सकाळी भाजतो आणि वाटतो. फुलीचा अर्थ मला पुरता कळला असा माझा दावा नाही. पण ज्यांना तो कळतो त्यांच्याकडून मी बन घेतला, ही नोंद पुसायचा मला अधिकार नाही.

ही नोंद माझ्यासाठी फार खासगी आहे, तीही सांगून टाकतो. १९९२ साली शिकून निघताना टीचरनी बन त्याच पत्र्याच्या डब्यात घालून दिले. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. दिवाळीचा फराळ घालून देऊ, असे आम्ही ठरवले. जूनमध्ये बदलीचा हुकूम आला. सामानाबरोबर डबाही विदर्भात गेला. पत्र लिहीन लिहीन म्हणत राहिलो. १९९६ साली पुण्यात परतलो तेव्हा त्या घराला वेगळेच कुलूप होते. बाई मुलांकडे गेल्या, एवढेच शेजारी सांगू शकले. इतरांच्या थकबाकीच्या याद्या करण्यात माझी नोकरी गेली. माझ्या नावावरची ही थकबाकी कुठल्याच यादीत नाही. मुद्दल फेडायला माणूस राहिले नाही. दरवर्षी चार घरांत बन देऊन मी व्याज भरतो. त्यातून फुली वगळली तर ते टीचरचे देणे राहत नाही, माझी हौस उरते.

परवा तिसऱ्या मजल्यावर बन दिले ते फुलीसकट. गृहस्थांनी एकदा बनकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "आत या ना काका," म्हणाले. काल संध्याकाळी आमची ताटली परत आली ती आंब्याच्या डाळीने भरून. फुलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चैत्र आहे, डाळ छान आंबट होती.