नरकाचा स्टेटस आणि साक्षीदाराची सही



अनसिंगला चहाच्या टपरीवर आमच्यातल्याच एका तरुणाने परवा मोबाईल पुढे केला. काळ्या पाटीवर लाल अक्षरांत स्टेटस होता. अन्यायाच्या वेळी जे तटस्थ राहतात, त्यांच्यासाठी म्हणे नरकातली सर्वांत धगधगती जागा राखून ठेवलेली असते. खाली नाव होते दान्ते. "कसं वाटलं भाऊ?" असे त्याने विचारले.

वाक्य जोरदार आहे यात वाद नाही. पण त्याच्या आदल्या आठवड्यात जवळच्याच एका गावी धुऱ्याच्या भांडणात आपल्या एका शेतमजुराला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ झाली, तेव्हा हाच तरुण तिथे दहा पावलांवर उभा होता. साक्षीदार म्हणून नाव द्यायची वेळ आली, तेव्हा "मला नीट ऐकू आलं नाही" असे सांगून तो मोकळा झाला. त्याचे नाव आम्ही लिहिणार नाही. तो एकटा नाही, आणि तो आपलाच आहे.

आधी त्या स्टेटसचे पाहू. दान्तेने असे कुठेही लिहिलेले नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी हे वाक्य दान्तेच्या नावावर सांगत आणि तिथून ते जगभर पसरले. इटलीतल्या फ्लॉरेन्सचा हा कवी १२६५ साली जन्मला, १३०२ साली राजकारणापायी हद्दपार झाला आणि १३२१ साली परक्या गावात वारला. मेल्यानंतरच्या नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग या तीन लोकांच्या प्रवासावर त्याने शंभर सर्गांचे महाकाव्य लिहिले. त्यात तटस्थ लोक आहेत, पण ते नरकाच्या आतही नाहीत. नदीच्या अलीकडे, दाराशीच, ते एका झेंड्यामागे कायम धावत असतात आणि गांधीलमाश्या त्यांना डसत असतात. स्वर्ग त्यांना घेत नाही आणि नरकालाही ते नकोत. आणि नरकाचा तळ? तिथे आग नाहीच, बर्फ आहे. विश्वासघातकी लोक त्या बर्फात गोठून पडले आहेत.

आम्हाला हा कवी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्याने पापाचा हिशेब माणसाच्या नावावर मांडला, आणि तोही मोठ्यांच्या. धर्माची पदे विकणाऱ्या पोप निकोलस तिसऱ्याला त्याने खड्ड्यात उलटे गाडले आणि तळपायांना आग लावली. काव्यातला प्रवास १३०० सालचा आहे. तेव्हा पोप बोनिफेस आठवा गादीवर होता, तरी त्याचीही जागा तिथे ठरवून टाकली. आपल्याकडे कोणत्या पुराणाने शंकराचार्याला नावानिशी नरकात घातले आहे?

पण दान्तेचीही एक मर्यादा आहे. स्वर्गाच्या एकोणिसाव्या सर्गात तो विचारतो, सिंधू नदीच्या काठी एखादा माणूस जन्मला, ख्रिस्ताचे नाव त्याने कधी ऐकले नाही, वागणूक मात्र निर्दोष, तर त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कसला? प्रश्न आपल्या उपखंडातल्या माणसाचा आहे मित्रांनो! उत्तर काय मिळते? ईश्वराच्या न्यायाचा निवाडा करणारा तू कोण, असे त्याला दटावले जाते. ज्या व्हर्जिलने त्याला नरकातून वाट दाखवली, तोही ख्रिस्तापूर्वी जन्मला म्हणून स्वर्गाबाहेरच राहतो. म्हणजे तिथेही शेवटी जन्म आडवा आलाच. फरक इतकाच की दान्तेला ते बोचले आणि त्याने ते लिहून ठेवले.

आता आपल्या घरात या. गावोगाव माणूस मेला की दहा दिवस गरुडपुराण लावले जाते. वैतरणी नदी, ती तरून जाण्यासाठी ब्राह्मणाला गोदान, चित्रगुप्ताची वही हे सगळे ऐकून ऐकून पाठ झालेले असते. त्या पुराणाच्या सारोद्धारात पापांची फळे सांगितली आहेत. ब्रह्महत्या करणारा क्षयरोगी होतो, गाय मारणारा कुबडा, कन्येचा घात करणारा कुष्ठरोगी, आणि हे तिघेही चांडाळाच्या पोटी जन्म घेतात. याचा अर्थ नीट समजून घ्या. वस्तीत आज जे मूल जन्मले, ते मागच्या जन्मीचा खुनी! मग त्याला पाणी नाकारणारा गुन्हेगार कसा? तो तर शिक्षेची अंमलबजावणी करणारा ठरला! कपिला गाईचे दूध पिणारा शूद्रही त्याच पुराणात नरकाचा धनी आहे.

या विचाराने आपल्या माणसांचे काय केले ते चोखोबांकडे पाहून कळते. परंपरेने ते आमच्या वऱ्हाडातल्याच मेहुणा राजाचे. दान्तेच्या मृत्यूनंतर सतराच वर्षांनी, १३३८ साली, मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली दबून गेले. इतका स्वच्छ माणूस, आणि आपली जात हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ असे त्यांच्या अभंगात येते. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र थेट देवालाच जाब विचारतो. एका घरातच हा झगडा चालू होता. चोखोबांना हिणवणे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९४८ सालचा अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला, हे विसरू नये.

पण त्याच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचे मूळच उघडे केले. गरिबांच्या आणि दलितांच्या दुःखाची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी मांडले. पाली ग्रंथांतही प्रेतकथा आणि नरक आहेत, आणि आपल्याकडची काही प्रवचने आजही त्यांवरच चालतात. बाबासाहेबांनी धम्माचा पाया तिथे ठेवला नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, तिथे ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले गेले ते यासाठीच. तरीही आपल्यातली काही घरे 'लोक काय म्हणतील' म्हणून दहावा करतात!

आता नरक कुठे आहे ते सांगू. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भैयालाल भोतमांगे यांचे अख्खे कुटुंब गावात मारले गेले. मारणारे काही होते, आणि बाकीचे गाव? २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. भैयालाल २०१७ साली गेले. चित्रगुप्ताची वही त्यांच्या उपयोगाला आली नाही. तिथे तोंड उघडणारी माणसे हवी होती.

तरुणांनो, कायदा काय मागतो ते वाचा. जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे त्या धुऱ्यावर दहा पावलांवर उभा असलेला माणूस बघ्या राहत नाही, खटल्याचा कणाच तो असतो. २०१५ च्या दुरुस्तीने पंधरा-अ हे कलम आले. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. भीती खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. ज्याच्या शेतात उद्या सोयाबीन सोंगायला जायचे, त्याच्याविरुद्ध आज सही करायची, हे मुंबईत बसून सांगायला सोपे आहे. म्हणून तर एकट्याला पुढे करू नका. चौघे होते ना तिथे? चौघांनी सही करा.

हे सगळे आम्ही त्या तरुणाला टपरीवरच सांगितले. दान्तेचे वाक्य खोटे निघाले याचे त्याला जास्त वाईट वाटले. "विचार करतो" म्हणाला आणि स्टेटस काढून टाकला. जबाब अजून नोंदवता येतो. सोमवारी सकाळी आम्ही त्या मजुराला घेऊन वाशिमला निघणार आहोत. गाडीत एक जागा रिकामी ठेवली आहे, आणि गाडी त्याच टपरीसमोरून जाते.