हाकेला धावणाऱ्याचा दाम कोण देणार?

ओझर हे विमान कारखान्याचे गाव. 1964 पासून या गावाला पाळी म्हणजे काय ते ठाऊक आहे. पाळी सुटली की कामगार घरी जातो आणि जादा थांबला तर त्या तासांना दुप्पट दर, हे कायद्यानेच ठरले आहे. याच गावच्या वस्तीतल्या आशा ताईला मात्र पाळी नाही. रात्री दोनला फोन वाजला की उठायचे, गाडी मागवायची, अडलेल्या बाईला घेऊन दवाखाना गाठायचा. फोन वाजला नाही तरी तो उशाशी घेऊनच निजायचे. माहेरी लग्न असो की पोराची परीक्षा, गाव सोडण्याआधी दहा जणांना विचारायचे. नवऱ्याची कुरकुर वेगळीच. या जागत्या रात्रींची नोंद कोणत्या हजेरीपटावर होते?

शासन म्हणते, ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका आहे. तिला वेतन नाही, मोबदला आहे, मानधन आहे. वा रे मान! सेवेचे नाव घेऊन डॉक्टरांचा दाखला देणाऱ्यांनी डॉक्टरांचा पगारही पाहावा.

आम्हाला ही भाषा नवी नाही. 1874च्या वतन कायद्याखाली आमच्या आजा-पणजाला गावाची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. हाक आली की ताटावरून उठायचे. तो घरी नसला तर बापाला नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाला कामाला जुंपत. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुत्याचा दाणा, तोही गावाच्या मर्जीवर. वतनदार म्हणून मान होता म्हणे! हा मान मोडण्यासाठीच बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महाराची कामे कोणती हे नियमाने ठरावे, बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, ही त्यातली मागणी. ते विधेयक तडीस गेले नाही. वतने गेली ती 1958च्या कायद्याने. पण 1946 साली मजूर मंत्री असताना त्याच बाबासाहेबांनी कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती मांडली. ज्याचे तास मोजले जात नाहीत त्याची पिळवणूक मोजता येत नाही, हे त्यांनी वतनात पाहिले होते.

आशा ताईंमध्ये आज सर्व जातींच्या बाया आहेत. वतन जातीपुरते उरले नाही, एवढाच फरक!

बेल्जियममधील नीव्हेल शहराच्या अग्निशामकाला बोलावणे आल्यापासून आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचावे लागे. घरी बसून वाट पाहण्याचा तो वेळ कामाचाच वेळ आहे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 21 फेब्रुवारी 2018 रोजी दिला. दर किती द्यावा हे त्या त्या देशावर सोडले. पण वाट पाहणे हे काम आहे, हे मान्य झाले. आपल्याकडे 2023-24 मध्ये आशांनी संप केला, आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा मार्च 2024 मध्ये राज्याने दरमहा 5000 रुपये वाढवले. वाढ हक्काचीच होती. तास मात्र तेव्हाही कोणी मोजले नाहीत.

म्हणून वकील या नात्याने ताईंना आमचे सांगणे आहे. एक वही करा. फोन कोणाचा, किती वाजता, घरी परत किती वाजता, आणि ज्या दिवशी गाव सोडता आले नाही तो दिवस, हे सारे तारखेनिशी लिहा. महिनाअखेर त्याची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.