कापसाचा बोळा कान वाचवत नाही

पोळा झाला की गणपती, त्यापाठोपाठ दुर्गोत्सव. याच सुमारास सोयाबीनच्या गंजीला थ्रेशर लागतो आणि दिवाळीच्या आगेमागे जिनिंगची चाके फिरू लागतात. नेर परिसरात वर्षातला सर्वाधिक गोंगाटाचा काळ हाच. डीजेबंदीची चर्चाही याच दिवसांत तापते आणि विसर्जनानंतर थंड होते. ‘ज्याला त्रास होतो त्याने कानात बोळे घालावेत,’ असे उत्तर तेव्हा हमखास ऐकू येते. ते चूक का, हे समजून घ्यायला हवे.

कापसाच्या मुलखात बोळा फुकट मिळतो, पण त्याच्या तंतूंमधून आवाज आरपार जातो. कोरड्या कापसाने जेमतेम काही डेसिबलच कमी होतात. कान झाकल्याचे समाधान मिळाल्याने माणूस आवाजात जास्त वेळ थांबतो, हे त्याहून वाईट.

डेसिबलचे गणित साधे नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालत असतील, तर ८८ मध्ये चार, ९४ मध्ये एक तास आणि १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज १०० च्या वर जातो. अतिआवाजाने आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे ‘ऐकू येतं, पण बोललेलं कळत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस येतो, तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. ते भरून काढणारे औषध नाही.

मग साधन कोणते निवडावे? ते आवाजावर आणि कामावर ठरते.

थ्रेशरवर धूळ, भुसा आणि मळलेले हात असतात. फोमचा इअरप्लग बोटांनी चुरून घालावा लागतो, म्हणजे मळ थेट कानात जातो. तिथे बाहेरून कान झाकणारा इअरमफ बरा. मात्र तो रुमालावर किंवा पदरावरून चढवला, तर फटीतून आवाज आत शिरतो. गादी थेट कातडीला टेकली पाहिजे. जिनिंगमध्ये पाळीभर राहायचे असेल, तर उकाड्यात मफ नकोसा होतो. तिथे स्वच्छ हातांनी घातलेला फोमचा किंवा धुता येणारा रबरी प्लग चालतो. फोमचा प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा.

कानाच्या मापाचा, साचा घेऊन केलेला प्लग रोज आवाजात काम करणाऱ्यासाठी आहे. बँडवाले, ताशावाले, डीजे चालवणारे आणि वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर काम करणारे कामगार यांना तो उपयोगी. ऑडिओलॉजिस्ट आधी कान तपासतो, मळ काढायला लावतो, मग सिलिकॉनची पेस्ट भरून काही मिनिटांत साचा घेतो. वादकांसाठी त्यात असा फिल्टर बसवता येतो की सर्व पट्ट्यांचा आवाज सारखाच उतरतो, सूर बिघडत नाही. किंमत जास्त असते, पण काही वर्षे टिकतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काहीही घालू नये.

दोन सावधगिऱ्या. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात अनेकदा त्याच्या निम्मेच संरक्षण मिळते. आणि साधन सतत घालणे त्याच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे आहे. ३० डेसिबलचे साधन पाळीच्या निम्म्या वेळात काढून ठेवले, तर दिवसभराचे एकूण संरक्षण ३ डेसिबलच्या आसपास उरते. उलट गरजेपेक्षा जास्त आवाज अडवला, तर ट्रॅक्टरचा हॉर्न किंवा सोबत्याची हाक ऐकू येत नाही. कानापर्यंत ७५ ते ८० डेसिबल पोहोचणे पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळे कामगारासाठी आहे, रस्त्यावरच्या माणसासाठी नाही. कामगाराच्या बाबतीतही यंत्राचा आवाज कमी करणे आधी, प्लग नंतर. कारखान्यात ९० डेसिबलमध्ये आठ तास ही आपल्याकडची मर्यादा आहे आणि आवाजाने येणारे बहिरेपण हा कायद्याने कळवण्याजोगा आजार आहे. शेतातल्या थ्रेशरला मात्र असे संरक्षण नाही. तिथे मालकानेच मफ घेऊन ठेवावेत.

मिरवणुकीत तान्हे बाळ असते, म्हातारी माणसे असतात, बंदोबस्तावर तासन् तास उभे राहणारे पोलीस असतात. बाळाच्या कानात प्लग घालता येत नाही, आणि डीजेचा खालच्या पट्टीतला दणका तर प्लगलाही पूर्ण अडत नाही. म्हणूनच २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी जबाबदारी कानावर नाही, भोंग्यावर टाकली आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. नियम आहेत, आदेश आहेत. मंडळांनी ठरवले तर भिंत निम्म्याने उतरवायला पैसेही लागत नाहीत.

आवाजातून आल्यावर कानात सुरू झालेला घुमारा दुसऱ्या दिवशीही थांबला नाही किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट पाहू नका. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितकी फायद्याची शक्यता जास्त.